एस आमच्यापर्यंत आला, कॅमेरा वाटेतच राहिला

परवा रात्री भाचीचा फोटो आला. ती अमेरिकेत ब्लूमिंगटनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकते. फोटोत निळंशार पाणी, ताणलेल्या लेनच्या दोऱ्या, पलीकडच्या टोकाला डायव्हिंगचा टॉवर. खाली मेसेज: "मामा, हे घे तुझं पंढरपूर." पाच मिनिटांनी दुसरा: "पण एवढं काय रे केलं या काउन्सिलमननं?"

व्हॉइस नोट करायला घेतली. सात मिनिटं बोललो आणि मग लक्षात आलं की अजून मी १९६० पर्यंतच पोचलोय. म्हणून ही पोस्ट. ज्यांना पोहण्यात रस नाही त्यांनी इथूनच काठ धरावा.

त्या इमारतीचं नाव काउन्सिलमन-बिलिंग्सली ॲक्वाटिक सेंटर. १९९६ मध्ये उभी राहिली. जेम्स काउन्सिलमन पोहण्याचे कोच, त्यांना सगळं जग 'डॉक' म्हणायचं. हॉबी बिलिंग्सली डायव्हिंगचे. एका विद्यापीठानं कोचचं नाव इमारतीला द्यावं, आणि तेही दोन कोचचं मिळून, यावरच मी थोडा वेळ थबकलो होतो. आपल्याकडे तलावाला नाव कुणाचं असतं हे मी सांगायला नको.

आकडे आधी देऊन टाकतो. डॉक १९५७ मध्ये इंडियानात आले, १९९० मध्ये निवृत्त झाले. अमेरिकेत आंतरविद्यापीठ स्पर्धा घेणारी मोठी संघटना म्हणजे एनसीएए. तिचं सांघिक विजेतेपद इंडियानानं १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षं घेतलं. बिग टेन म्हणजे तेव्हा शेजारपाजारच्या विद्यापीठांची लीग, ती १९६१ ते १९८० सलग वीस वर्षं जिंकली. १९६४ ला टोकियो आणि १९७६ ला माँट्रिअल, दोन ऑलिंपिकना डॉक अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य कोच होते. माँट्रिअलला पुरुषांच्या पोहण्यात १३ सुवर्णपदकं होती, त्यातली १२ अमेरिकेनं नेली. तेरावं ब्रिटनच्या डेव्हिड विल्कीनं २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये घेतलं, आणि गंमत म्हणजे हा विल्कीही अमेरिकेतच, मायामी विद्यापीठात शिकून तयार झालेला.

झाले आकडे. आता मला ज्याच्याबद्दल बोलायचंय ते.

सहा विजेतेपदं मोजताना त्याआधीची काही वर्षं कुणी मोजत नाही. १९६० मध्ये एनसीएएनं इंडियाना विद्यापीठावर चार वर्षांची बंदी घातली. का? तर फुटबॉलवाल्यांनी खेळाडू गोळा करताना नियम मोडले म्हणून. शिक्षा मात्र सगळ्या खेळांना. पोहणाऱ्या पोरांचा फुटबॉलशी संबंध काय, तर ती त्याच विद्यापीठात शिकत होती, एवढाच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्याच वर्षी रोम ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण इंडियानाच्या माइक ट्रॉयनं जिंकलं. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांच्याच चेट जास्ट्रेम्स्कीनं १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जागतिक विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. पोरं जगात पहिली येत होती आणि स्वतःच्या देशातल्या एनसीएए स्पर्धेत त्यांना पाण्यात उतरायची परवानगी नव्हती.

अशा वेळी कोच काय करतो? मी आमच्याकडे जे कोच पाहिलेत त्यांनी निवेदनं दिली असती, उपोषणाची भाषा केली असती, आणि दुसऱ्या वर्षी बदली करून घेतली असती. डॉक रोज सकाळी तलावावर येत राहिले. त्या वर्षांत कुठल्या आशेवर पोरं सराव करत असतील, हे मला सहा ट्रॉफ्यांपेक्षा जास्त विचारात पाडतं. बिग टेन लीगमध्ये मात्र उतरता येत होतं, आणि तिच्या वीस सलग विजेतेपदांतली पहिली काही याच बंदीच्या काळातली आहेत.

माणूस कसा होता? जन्म १९२० चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. वाढला सेंट लुइसमध्ये. ओहायो स्टेटला पोहायचा. मधेच महायुद्ध आलं आणि हा बी-२४ बॉम्बर चालवायला गेला. ३२ मोहिमा केल्या, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळवला. परत येऊन आयोवात डॉक्टरेट केली, म्हणून 'डॉक'. विमान चालवलं होतं हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता कॅमेरा.

काठावर उभं राहिलं की पोहणाऱ्याचं काय दिसतं? डोकं, कोपर, फेस. हात पाण्याबाहेर येतो तेवढाच दिसतो. खरं काम हात पाण्याखाली असताना होतं आणि तेच दिसत नाही. तरीही जगभरचे कोच काठावरून छातीठोक सांगायचे: हात पुढे टाक, सरळ मागे ओढ, वल्ह्यासारखा. डॉकनी पाण्याखालून चित्रीकरण केलं. पुढे तर तलावावर अंधार करून पोहणाऱ्याच्या हाताला लुकलुकणारा दिवा बांधला आणि फोटो घेतले. काळ्या पाण्यात हात कुठून कुठे गेला त्याची उजेडाची रेघ उमटली. रेघ सरळ नव्हती. हात आत येत होता, बाहेर जात होता, वळत होता. फ्रीस्टाइलमध्ये साधारण इंग्रजी एससारखा.

ज्यांना आपण हात सरळ ओढतो असं मनापासून वाटत होतं, त्यांचेही हात वाकडेच जात होते. चांगला पोहणारा पाण्यात काय करतो ते त्याला स्वतःलाही धड सांगता येत नाही, हे डॉकना दिसलं. जो सर्वांत वेगात जातो त्याला कसं पोहायचं ते शिकवायचं नाही, आधी तो काय करतोय ते बघायचं. कोचच्या धंद्यात हे कमीपणाचं वाटू शकतं. शिट्टी आपल्या गळ्यात आणि गुरू पाण्यातलं पोरगं!

मग प्रश्न आला, हात वाकडा जातो तर माणूस पुढे का जातो? इथे पायलट जागा झाला असावा, हा माझा अंदाज. विमानाच्या पंखावर हवेनं जशी उचल मिळते तशीच तळहातावर पाण्यानं मिळते, बर्नोलीचं तत्त्व, असं डॉकनी मांडलं. १९६८ मध्ये त्यांचं 'द सायन्स ऑफ स्विमिंग' आलं, त्यानंतर हा पंखाचा सिद्धांत, आणि एस जगभर गेला.

जगभर म्हणजे किती लांब, ते मी सांगतो. कृष्णाकाठच्या आमच्या गावापर्यंत.

मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. काकांनी दोर धरलेला. डबा सुटला त्या दिवशी दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि मग आलं आपोआप. मुटका मारणं, सूर मारणं, तळाची माती काढून आणणं, हे सगळं त्यात आलंच. स्ट्रोक वगैरे भानगड नव्हती. आठवीत असताना तलावावर जायला लागलो. तिथे एक सर होते. नाव सांगत नाही, तलावाचंही नाही. सर काठावर छत्रीखाली खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "एस काढ! अरे एस! एबीसीडीतला एस येतो ना तुला?" आम्ही एस काढायचो. कोपर कुठे, तळवा कुठे, कशाचा पत्ता नाही, पाण्यात अक्षर गिरवायचं एवढंच कळलेलं. माझा मित्र डावखुरा, तो एस उलटा काढायचा की सुलटा यावर एकदा अर्धा तास वाद झाला होता. सरांना विचारलं, "सर, एसच का?" उत्तर आलं, "पन्नास मारून ये."

सरांना मी कधी पाण्यात उतरलेलं पाहिलं नाही.

खूप वर्षांनी, नोकरी लागल्यावर, डॉकबद्दल वाचताना त्या उजेडाच्या रेघा समोर आल्या आणि मला एकदम छत्रीखालची ती खुर्ची आठवली. अच्छा, हा तो एस! ब्लूमिंगटनहून निघून, कुठल्या तरी शिबिरातून, कुणाच्या तरी नोट्समधून झेरॉक्सची झेरॉक्स होत तो आमच्या तलावापर्यंत आला होता. दिवा, कॅमेरा, अंधार, 'हे असं का होतंय' ही खाज, ते सगळं वाटेतच गळून पडलं होतं.

आणि आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. डॉकचं ते पंखाचं स्पष्टीकरण पुढे तसंच्या तसं टिकलं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात अभ्यासकांनी दाखवायला सुरुवात केली की उचल थोडीफार असते, पण पुढे ढकलण्याचं मोठं काम पाणी मागे लोटण्यानंच होतं. हात वाकडा जातो त्यात खांदे आणि धड फिरण्याचाही मोठा वाटा आहे. जॉन्स हॉपकिन्सचे रजत मित्तल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं संगणकावर पोहणारे हात उभे करून दोन पद्धती ताडून पाहिल्या. आडवातिडवा एस काढणाऱ्या हातापेक्षा खोल, वल्ह्यासारखा मागे ओढलेला हात सरस निघाला. म्हणजे डॉकच्या आधीचे ते काठावरचे कोच अगदीच चुकीचे नव्हते. त्यांनी बघितलं नव्हतं, इतकंच.

हे वाचून एखादा म्हणेल, मग तुझा देव चुकलाच की! चुकला ना. पण त्याचा सिद्धांत खोडणाऱ्यांनीही पाण्याखाली बघूनच खोडला, आणि पाण्याखाली बघायची सवय या धंद्याला लावणाऱ्यांत डॉकचा नंबर फार वरचा. छत्रीखालच्या सरांना मात्र कुणी खोडू शकत नव्हतं, कारण त्यांनी काही मांडलंच नव्हतं.

मला डॉकचं सगळंच पटतं असं नाही. 'दुखणं, वेदना, यातना' अशा सरावाच्या चढत्या पायऱ्या त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. पोरांना त्या तिसऱ्या पायरीवर जाऊन पोहायला सांगणं मला बरं वाटत नाही, आणि आपल्याकडच्या काही कोचांच्या हातात हे वाक्य पडलं तर काय होईल या विचारानंच पोटात गोळा येतो. पण हेच डॉक चांगला सराव केलेल्या पोराला जेली बीन वाटायचे. जागतिक विक्रमवीर, सहा-सहा फूट उंचीची पोरं, आणि रंगीत गोळीसाठी भिंतीला आधी हात लावायची चढाओढ. काठावर मोठं घड्याळ लावून सेकंदकाट्यावर सराव घ्यायची पद्धत रूढ करण्यातही त्यांचा मोठा हात. म्हणजे पोराला स्वतःची वेळ स्वतः बघता येते, कोचच्या तोंडाकडे बघत राहावं लागत नाही.

मार्क स्पिट्झचं नाव घेतल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही, तर घेतो. मेक्सिकोला १९६८ मध्ये हा अठरा वर्षांचा पोरगा सहा सुवर्ण आणीन म्हणून गेला आणि दोन घेऊन आला, तीही रिलेची. त्यानंतर तो इंडियानात दाखल झाला. १९७२ ला म्युनिकमध्ये सात शर्यती, सात सुवर्ण, सातही जागतिक विक्रम. म्युनिकला संघाचे मुख्य कोच पीटर डॅलंड होते, त्यामुळे त्या गाजलेल्या गोष्टीत डॉक तसे कडेलाच राहतात. मला स्पिट्झपेक्षा जिम माँटगोमेरी जास्त आठवतो. इंडियानाचाच. माँट्रिअलला १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ५० सेकंदांच्या आत येणारा जगातला पहिला माणूस. वेळ ४९.९९. एक शतांश सेकंद! एवढ्या वेळात पापणीही लवत नाही. कोचची सगळी हयात त्या एका शतांशात मावते, असं मला ते आकडे बघताना वाटतं.

आता बिलिंग्सली. आपल्याकडे पोहण्याबद्दल लिहिताना डायव्हिंग विसरायची रीत आहे, मी पण आत्तापर्यंत तेच केलं. एनसीएएच्या सांघिक गुणांत डायव्हिंगचे गुण धरले जातात, त्यामुळे ती सहा विजेतेपदं हॉबींचीही आहेत. हे १९५९ मध्ये इंडियानात आले आणि तीस वर्षं राहिले. इकडे डॉक बर्नोली घेऊन बसलेले, तिकडे हे न्यूटन. फळीवरून पाय सुटला की हवेत तुम्हाला नवीन फिरकी घेता येत नाही, जे काय घ्यायचं ते फळीवर असतानाच, आणि हवेत गेल्यावर फक्त अंग आखडून किंवा पसरून ती कमीजास्त करायची. हे गणित ते पोरांना समजावून सांगायचे. त्यांच्या इंडियानाचा केन सिट्झबर्गर १९६४ ला टोकियोत स्प्रिंगबोर्डचं सुवर्ण घेऊन आला. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये पंचांच्या वतीनं शपथ घेतली ती हॉबींनी. ९५ वर्षं जगले.

आमच्या तलावावर डायव्हिंगची फळी होती. मी दहावीत असताना एक मुलगा घसरून पडला, हनुवटीला टाके पडले. आठवड्यात फळी काढून टाकली. काढताना चार बोल्ट तेवढे सिमेंटमध्ये राहिले, गंजलेले, त्यांना पुढची कित्येक वर्षं सगळ्यांची बोटं ठेचत होती. फळीवरून पडलं एक पोरगं, बोल्टनी जायबंदी केली पन्नास.

माझा मुद्दा एवढाच आहे की तिकडे हे सगळं कॉलेजात झालं. लष्करात नाही, सरकारी अकादमीत नाही. एका कॉलेजगावात पोरं सकाळी पोहत होती आणि दहा वाजता तासाला बसत होती. आपल्याकडे कॉलेजचं पोहणं म्हणजे वर्षातले दोन दिवस. मी विद्यापीठासाठी पोहलोय. आमच्याबरोबर आलेले सर फार सज्जन होते, खोखोचे उत्तम जाणकार, पोहता मात्र येत नव्हतं. त्यांनी आमच्या टॉवेलांवर लक्ष ठेवलं आणि शर्यतीनंतर स्वतःच्या पैशानं उसाचा रस पाजला. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ज्या व्यवस्थेनं त्यांना पाठवलं तिच्याबद्दल आहे.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे बघा. बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा वयाची सतराही पूर्ण नव्हती. २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ, भारताला पोहण्यात चोवीस वर्षांनी मिळालेलं पदक. पण त्यासाठी पोरानं घर सोडून बेंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे जायचं. पुढे तो तहसीलदार झाला आणि नोकरीत असताना सराव कसा करायचा हा प्रश्न त्याला वर्षानुवर्षं पुरला. पंचगंगेकाठी, रंकाळ्याकाठी पट्टीचे पोहणारे पिढ्यान्पिढ्या होतायत. त्यांच्या हाताला दिवा बांधणारं कॉलेज नाही.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं की या माणसानं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केली. १४ सप्टेंबर १९७९, १३ तास ७ मिनिटं. तोवर एवढ्या वयाच्या कुणीच ती पोहून पार केली नव्हती. सगळी विजेतेपदं खिशात घालून झाली होती, आता काठावर खुर्ची टाकून बसला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. पुण्याच्या रोहन मोरेनं खाडीसकट जगातल्या सात सामुद्रधुन्या पोहून पार केल्या, २०१८ मध्ये, तेव्हा मला रोहनचा अभिमान वाटला आणि का कोण जाणे डॉकही आठवले. पुढे डॉकना पार्किन्सन्स झाला. जानेवारी २००४ मध्ये, ब्लूमिंगटनमध्येच, ते गेले.

भाचीचं उत्तर: "५८? मामा, तू ५३ चा ना?"

म्हणून काल सकाळी एक उद्योग केला. जुना मोबाइल पाणी न जाणाऱ्या पिशवीत घातला, सकाळच्या बॅचमधल्या एका मित्राला गॉगल लावून उथळ टोकाला खाली बसवलं आणि सांगितलं, मी येतोय, शूट कर. पहिल्या वेळी त्यानं स्वतःचा अंगठा शूट केला. दुसऱ्या वेळी जमलं. काठावर टॉवेल पांघरून आम्ही दोघं बघत बसलो. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की एस वगैरे जुनं झालं, मी सोडून दिलंय, कोपर वर ठेवून सरळ मागे ओढतो. व्हिडिओत उजवा हात खरंच सरळ जातोय. डावा हात आत येतो, पोटाखाली वळतो, बाहेर जातो. सुबक, वळणदार, एबीसीडीतला.

मित्र म्हणाला, परत एकदा काढू या, कदाचित कॅमेराच वाकडा धरला असेल मी. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि काठावरून आवाज आला, "ओ काका, लेन रिकामी करा, लहान मुलांची बॅच आहे."